सीमेपलीकडचा बार

(दृश्य : रात्रीचा दुपदरी रस्ता. गाडीच्या दिव्यांत पांढरे पट्टे मागे पळतायत.)

१९७०च्या दशकातली अमेरिका. शुक्रवारची रात्र. या राज्यात दारू विकत घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात. तासाभराच्या अंतरावर शेजारचं राज्य सुरू होतं, तिथे १८ पुरतात. मग पोरं काय करणार? चार-पाच जण एका गाडीत दाटीवाटीने बसतात, सीमा ओलांडतात, पितात, आणि बार बंद झाला की त्याच गाडीने घरी निघतात. जाताना चालवणारा शुद्धीवर असतो. परतीचा रस्ता मात्र तेवढाच लांब असतो, आणि आता रात्रीचे दोन वाजलेले असतात.

या सीमांना तिकडे ‘ब्लड बॉर्डर्स’ म्हणायला लागले. रक्ताच्या सीमा.

दारूचं कायदेशीर वय २१ वरून १८ वर आणावं का, हा वाद अमेरिकेत पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. बोलणं बहुतेक वेळा हक्कांपासून सुरू होतं. मला ते या रस्त्यापासून सुरू करायचंय, कारण कायदा इथेच घडला.

(दृश्य : व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं चित्रण. भरतीसाठी रांगेत उभी मुलं.)

१९३३ साली देशभरातली दारूबंदी उठली आणि वय ठरवणं राज्यांकडे आलं. बहुतेकांनी २१ धरलं. मतदानाचं वयही तेव्हा २१च होतं. पुढे व्हिएतनामचं युद्ध पेटलं आणि १८ वर्षांच्या मुलांना सक्तीने सैन्यात नेऊ लागले. बंदूक धरायला चालतो, तर मत द्यायला का चालत नाही? या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. १९७१मध्ये २६वी घटनादुरुस्ती झाली, मताचं वय १८ झालं. त्याच लाटेत पाचेक वर्षांत सुमारे तीस राज्यांनी दारूचं वयही उतरवलं. कुणी १८ केलं, कुणी १९, कुणी २०.

पाठोपाठ तरुण ड्रायव्हरांचे अपघात वाढल्याच्या बातम्या यायला लागल्या. मिशिगनमध्ये तर १९७८ साली लोकांनीच मतदान करून वय पुन्हा २१ वर नेलं.

(दृश्य : उपनगरातला शांत रस्ता. कडेला सायकलची मार्गिका. दुपार.)

३ मे १९८०. कॅलिफोर्नियातलं फेअर ओक्स. कँडी लाइटनर यांची १३ वर्षांची मुलगी चर्चच्या जत्रेला पायी निघाली होती. मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं. ड्रायव्हर दारूच्या नशेत होता आणि थांबलाही नाही. पकडल्यावर कळलं की नशेत गाडी चालवल्याबद्दल त्याला आधीही शिक्षा झाल्या होत्या. अशाच एका प्रकरणात तो नुकताच जामिनावर सुटला होता.

याच दुःखातून लाइटनर यांनी त्याच वर्षी ‘मॅड’ ही संघटना उभी केली. ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’, नशेत गाडी हाकणाऱ्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या आया. तोवर अशा मृत्यूला लोक ‘अपघात’ म्हणून सोडून देत. या बायकांनी आपल्या लेकरांचे फोटो हातात घेऊन आमदार-खासदारांच्या दारात ठाण मांडलं.

इथे क्षणभर थांबायला हवं. त्या मुलीला मारणारा माणूस चांगला चाळिशी ओलांडलेला होता. वय १८ असतं की २१, त्या दुपारी काहीच बदललं नसतं. तरीही तिच्या आईने उभारलेली चळवळ पुढे वयाच्या कायद्याची सर्वांत मोठी ताकद झाली. आईच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण कायदा कोणत्या दुःखातून आला आणि पडला कुणावर, हे या वादात विसरलं जातं.

(दृश्य : व्हाइट हाऊस. १९८४.)

देशभर २१ वय आणू पाहणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या बाजूने राष्ट्राध्यक्ष रेगन सुरुवातीला नव्हते. राज्यांच्या कारभारात केंद्राने नाक खुपसू नये, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. पण दबाव वाढला आणि १७ जुलै १९८४ रोजी त्यांनी सही केली. कायद्याची मेख पाहण्यासारखी आहे. वय ठरवण्याचा अधिकार राज्यांचाच राहिला. फक्त जे राज्य २१पेक्षा लहान मुलांना दारू विकत घेऊ देईल, त्याच्या हायवेच्या केंद्रीय निधीतले पहिल्या वर्षी ५ टक्के आणि नंतर १० टक्के कापले जाणार होते. म्हणजे नाक दाबलं की तोंड उघडतं.

साउथ डकोटात १९ वर्षांच्या मुलांना सौम्य बिअर घेता येत असे. ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हरलं. १९८८मध्ये वायोमिंगनेही मान तुकवली आणि पन्नासच्या पन्नास राज्यांत २१ लागू झालं. सीमेपलीकडचा बार तेव्हा बंद झाला.

फायदा झाला का? केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याच्या अंदाजाने १९७५पासून २०१७पर्यंत किमान वयाच्या कायद्यांनी ३१ हजारांहून जास्त जीव वाचवले. विरोधक विचारतात, सीटबेल्ट, एअरबॅग, कडक तपासणी यांचं श्रेय कुठे गेलं? शेजारच्या कॅनडात वय १८ किंवा १९ आहे आणि तिथेही नशेतल्या अपघातांचे बळी घटलेच की. ही शंका रास्त आहे. तरी सगळं श्रेय सीटबेल्टला देऊन टाकावं, इतकीही ती भक्कम नाही.

(दृश्य : कॉलेजचं आवार. संध्याकाळ. एका घराच्या तळघरातून येणारा उजेड.)

२००८मध्ये शंभरावर कॉलेजांच्या अध्यक्षांनी एका निवेदनावर सह्या केल्या. पुढाकार होता व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजचे माजी अध्यक्ष जॉन मकार्डेल यांचा. त्यांचं म्हणणं साधं होतं : २१ने पिणं थांबलं नाही, लपलं. बारमध्ये निदान कुणाची तरी नजर असते. बंद खोलीत मुलं घाईघाईने घशात ओततात, कारण बाहेर प्यायची सोय नसते.

या म्हणण्यातलं खरं-खोटं तपासताना मला २०१७ची एक रात्र आठवते. पेन्सिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठातला १९ वर्षांचा मुलगा. विद्यार्थ्यांच्या एका मंडळात त्याचा प्रवेशाचा कार्यक्रम होता. थोड्या वेळात त्याला भरमसाट दारू पाजली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. पोरांनी उचलून त्याला सोफ्यावर टाकलं. घरातल्या कॅमेऱ्यांत सगळं टिपलं गेलंय : तो उठायला बघतो, पुन्हा पडतो. मदतीसाठी फोन गेला तो साधारण बारा तासांनी. मुलगा वाचला नाही.

एवढी मुलं घरात होती. रात्रभर मदतीसाठी एकाचाही हात फोनकडे गेला नाही.

वय १८ असतं तर गेला असता का? मला खात्री देता येत नाही. तिथे नुसती दारू नव्हती, गटात शिरण्यासाठी अंगावर घ्यायचा छळही होता. पण आपणही अडकू ही धास्ती अशा खोल्यांमध्ये असते, हे कुणीही विद्यार्थी सांगेल.

(दृश्य : न्यूझीलंड. शाळेबाहेर मुलांचे घोळके.)

वय उतरवून पाहिलेला देश आहे न्यूझीलंड. १ डिसेंबर १९९९ला तिथे २०चं १८ झालं. सुरुवातीच्या अभ्यासात दारूशी संबंधित अपघात वाढलेले दिसले, आणि ते फक्त १८-१९च्या मुलांचे नव्हते. १५ ते १७ वयाच्या मुलांचेही होते! नंतरच्या काही अभ्यासांना हा परिणाम इतका ठळक सापडला नाही, हेही सांगायला हवं. तिथल्या संसदेने २००६ आणि २०१२मध्ये फेरविचार करूनही १८च ठेवलं. युरोपात मात्र वारं उलटं वाहतंय. नेदरलँड्सने २०१४मध्ये १६चं १८ केलं, लिथुआनियाने २०१८मध्ये १८चं २०.

मला अडवतो तो १५ वर्षांचा मुलगा. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षात वर्गातच कुणीतरी १८ पूर्ण केलेलं असतं. वय उतरलं की दुकानात जाणारा हात थेट शाळेत पोचतो. त्यातून १६व्या वर्षी गाडीचा परवाना मिळणारा आणि गाडीशिवाय पान न हलणारा तो देश. म्हणून सैनिकाचा मुद्दा मनाला कितीही भिडला, तरी १८च्या बाजूने मला उभं राहता येत नाही.

पण त्या सोफ्यावरच्या मुलाचं काय?

(दृश्य : अंधारी खोली. टेबलावर ठेवलेला फोन.)

त्यासाठी वयाला हात लावावा लागत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी आणि विद्यापीठांनी आता अभयाचा नियम केलाय. कुणी जास्त पिऊन पडलं असेल तर फोन करायचा, आपलं खरं नाव सांगायचं, अँब्युलन्स येईपर्यंत त्याच्याजवळ थांबायचं आणि तो किती प्यायलाय ते डॉक्टरांना खरं सांगायचं. एवढं करणाऱ्यावर कमी वयात प्यायल्याचा गुन्हा लागत नाही. हा नियम सगळीकडे सारखा नाही. आणि कागदावर असला तरी पहाटे तीन वाजता, मित्र हलवूनही उठत नसताना, १९ वर्षांच्या मुलाला तो ठाऊक असायला हवा.

(दृश्य : फोनचा पडदा उजळतो. एक हात तो उचलतो.)