मॉनिटर घेताना आधी स्टँड बघा

नमस्कार श्रोतेहो.

ऑफिसात नवे मॉनिटर घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न असतो, किती इंची? स्टँडबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्याकडेही तेच झालं. पडदे छान आले, पण त्यांचे स्टँड वर-खाली न होणारे. महिनाभरात प्रत्येकाच्या मॉनिटरखाली प्रिंटरच्या कागदाचं एकेक रीम जाऊन बसलं. माझ्याखाली दोन. म्हणजे मॉनिटरखाली.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी आणि पडदा डोळ्यांपासून साधारण हातभर लांब. कड फार खाली गेली की मान पुढे झुकते, पाठीला पोक येतो आणि संध्याकाळी आपण खुर्चीला बोल लावतो. आमचे एक सहकारी बायफोकल चष्मा लावतात. मी मोठ्या उत्साहानं त्यांचाही मॉनिटर रीमवर चढवला, तर बिचारे हनुवटी वर करून वाचायला लागले! जवळचं बघायची काच चष्म्यात खाली असते, त्यामुळे त्यांना पडदा खालीच हवा. म्हणून स्टँड उंची बदलता येणारा घ्या. तो नसेल तर निदान मागे व्हेसाची, म्हणजे मॉनिटर टांगण्यासाठी ठरलेल्या मापाची, चार भोकं आहेत ना, ते बघा. बहुतेक १०० बाय १०० मिलिमीटरवर असतात. मग पुढे मॉनिटर धरणारा वेगळा आर्म लावता येतो.

आता इंचांकडे येऊ. १९२० बाय १०८० पिक्सेल २४ इंची पडद्यावर असले तर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल येतात. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की ८२च उरतात. पडदा मोठा, अक्षरं मात्र भरड. आपल्या लिपीत हे लगेच खटकतं: बारीक अक्षरात ऱ्हस्व उकार की दीर्घ, हे कळायला पुढे वाकावं लागतं. २७ इंची हवाच असेल तर २५६० बाय १४४० घ्या.

पॅनल, म्हणजे पडद्याचा चित्र उमटवणारा भाग, आयपीएस प्रकारचं असलं की बाजूनं बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. एका पडद्यापुढे दोघं बसतात तिथे हे कामाला येतं. पृष्ठभाग मॅट हवा. चकचकीत पडदा दुकानात देखणा दिसतो, टेबलावर आला की त्यात ट्यूबलाइट आणि आपलाच चेहरा दिसतो. खिडकीही पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला असू द्या.

काही पडदे उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवा भराभर चालू-बंद करतात. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, पण काहींचं त्यानं डोकं धरतं. तपासायला एक पेन्सिल पुरते. खोलीत अंधार करा, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस खाली आणा आणि पेन्सिल समोरून झरझर हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली दिसल्या तर दुसरा मॉडेल दाखवायला सांगा. दुकानदार जरा विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या.

आणि सगळ्यांसाठी एकदम ऑर्डर देऊ नका. आधी एकच आणा आणि दिवसभर हिशेबाचे तक्ते बघणाऱ्याच्या टेबलावर आठवडाभर ठेवा. त्यानं खाली रीम सरकवलं, तर तो मॉनिटर परत पाठवा.