दिसला का?

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळात कार्तिकात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘शरदातले प्राणिदर्शन’. आमच्या घरच्या मंडळींच्या मते तो ‘शरदात प्राणी न दिसणे’ असा हवा होता. त्या पहिल्याच रांगेत बसल्यात, तेव्हा जपून बोलतो.

आधी एक तक्रार. ऑटम म्हणजे शरद, असं शाळेत घोकून घेतलं आपल्याकडून. साहेबाच्या ऑटममध्ये पानं गळतात. आपली पानगळ शिशिरातली. शरदात रान गच्च. ताडोब्याचा कोअर भाग पावसाळ्यात तीन महिने बंद असतो, १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या आठवड्यात हौसेनं जाणाऱ्यांना काय दिसतं? गवत. सागाला पत्रावळीएवढी पानं, बांबू दाट आणि जागोजागी पाणी. मे महिन्यात वाघ झक मारत पाणवठ्यावर येतो. ऑक्टोबरात त्याला प्रत्येक डबक्यात सोय.

आणि परत आलात की सोसायटीचा वॉचमन विचारतो, “दिसला का?” काय काय दिसलं, असं नाही. दिसला का! पुल्लिंगी, एकवचनी. अस्वल, रानकुत्री, वीसेक सांबरं बघून आलेला माणूस खाली मान घालून ‘नाही’ म्हणतो. (हशा) हसताय, पण तुम्हीही हेच विचारता.

माझं म्हणणं असं, की बघायला शिकायचं तर शरदासारखा मास्तर नाही. प्राणी शोधायचाच नाही, त्याची बातमी शोधायची. हे मला कळलं सुप्याला.

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ सालचं, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. त्याच्या अलीकडच्या माळावर आम्ही दोघं दिवाळीच्या आधी पहाटे उभे. गुडघ्याएवढं गवत, मोज्यांत कुसळं, आणि दव असं की अख्खा माळ चंदेरी. त्या चंदेरीत एक गडद हिरवी रेघ गेलेली. कुणीतरी चालत गेलं की दव झटकलं जातं, तेवढी पट्टी हिरवी उघडी पडते. ऊन वर आलं की पुसून जाते. मी हिला कुजबुजत अर्धा तास व्याख्यान दिलं. रेघ अरुंद आहे, म्हणजे खोकड. नाही, पावलं लांब आहेत, लांडगाच. वाकून वाकून फर्लांगभर गेलो. रेघ एका बाभळीमागे वळली आणि तिथून एक मेंढपाळाचं पोर उठलं. हातात प्लास्टिकची रिकामी बाटली. (हशा) आलं का लक्षात? पूर्वी डबा असायचा.

“काय हुडकताय काका?”

“ही वाट कुणाची, ते बघत होतो.”

“माझीच की!”

ही तिथंच खाली बसून हसली. पोरगं म्हणालं, “लांडगं बघायचंय का? मग मेंढरांकडं बघा.” चाळीसेक मेंढरं चरायची थांबून एकाच दिशेला तोंड करून उभी. त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं, तर बांधावर दगड. मघापासून तीनदा दुर्बिणीतून पाहिलेला दगड. चौथ्यांदा त्या दगडानं एक कान फिरवला. पोरानं आरोळी ठोकली, तसा दगड बांधापलीकडे उतरला. एवढंच दर्शन. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. पोराचं शिक्षण विचारायचं राहूनच गेलं. माझं मात्र त्या दिवशी सुरू झालं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मुख्य विषय अजून… बरं.

भराभर सांगतो. एक, कान. माळावर टिटवी उगाच बोंबलत नाही. जंगलात वानर झाडावरून बघतं, म्हणून त्याचा खकारा आधी. चितळ घाबरट, कशालाही ओरडतं. सांबराचा ‘पोंक’ आला की मात्र जिप्सी थांबवा, इंजिन बंद करा.

दोन, चिखल. शरदात तो अर्धवट वाळलेला असतो, ठसा साच्यात घातल्यासारखा उठतो. नखं उमटली असतील तर कुत्र्याच्या कुळातला: कोल्हा, लांडगा. नखं नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे, तर मांजराच्या कुळातला. ठशात अजून पाणी झिरपत असेल तर स्वारी आत्ताच गेली.

तीन, विष्ठा. नाकं मुरडू नका. केस असतील तर शिकार झालीय. बोरं पिकायला लागली की कोल्ह्याच्या लेंडीत बोराच्या बिया. बिळाजवळ मात्र जायचं नाही, ते का, हे… दुसरी चिठ्ठी. आवरतो.

रविवारी पहाटे पाचला बस. पांढरे कपडे नकोत, अत्तर नको, मोबाइल मुका. डबा ज्याचा त्यानं आणावा. जेवणाचा.