सालेममधली आजी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या शतकात ज्यांचं बालपण वेल्समध्ये गेलं, त्यांतल्या कितीतरी जणांना आजीच्या घरच्या भिंतीवरचं एक चित्र हमखास आठवतं. 'सालेम'. उत्तर वेल्समध्ये आजीला 'नाइन' म्हणतात, आणि चित्रातल्या म्हातारीत अनेकांना आपली नाइनच दिसत आली आहे.

हे जलरंगातलं चित्र इंग्रज चित्रकार सिडनी कर्नो व्हॉस्पर यांनी १९०८ साली केलं. जागा वेल्समधल्या हार्लेख गावाजवळचं सालेम हे बाप्टिस्ट चॅपल, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाचं साधं प्रार्थनाघर. घड्याळात दहाला थोडी मिनिटं कमी. मंडळी बाकांवर गप्प बसली आहेत आणि शान ओवेन नावाची ही म्हातारी आपल्या जागेकडे निघाली आहे. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर उंच काळी टोपी, हातात पुस्तक, अंगावर भरगच्च शाल.

त्या शालीवर चक्क कोयऱ्या आहेत! नक्षी मूळची काश्मिरी शालींची. स्कॉटलंडमधल्या पेस्लीच्या विणकरांनी ती उचलली. हातावरच्या घड्यांकडे रोखून पाहिलं, की म्हणे सैतानाचं तोंड दिसतं, झालरीची दाढी होते. मग लोकांनी गोष्टही रचली: शाल मिरवायची म्हणून म्हातारी मुद्दाम उशिरा आली. असं काही मनात असल्याचं व्हॉस्पर यांनी नाकारलं होतं. मला तर हा त्या बाईवर अन्याय वाटतो. शाल तिची नव्हतीच, चित्रापुरती मागून आणलेली होती. तशा टोप्याही तोवर रोजच्या वापरातून गेल्या होत्या. एकच मिळाली, तीच पाळीपाळीने सगळ्या बायकांना घालून चित्र काढलं. शान ओवेनला उभं राहण्याचे तासाला सहा पेन्स मिळत.

मग हे घरोघरी पोचलं कसं? साबणामुळे. १८८८ पासून आपल्याकडेही येऊ लागलेल्या सनलाइट साबणाचे मालक विल्यम लीव्हर यांनी चित्र १०० गिनींना घेतलं, आणि सात पौंड वजनाच्या साबणामागे त्याची छापील प्रत मिळू लागली. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या घरांत आल्या, तशी शान ओवेन तिकडच्या घरांत आली. दर रविवारी नाइनचं बोट धरून चॅपलला जाणाऱ्या पोरांना ती परकी वाटलीच नाही.

मूळ चित्र लिव्हरपूलजवळ, पोर्ट सनलाइटच्या लेडी लीव्हर कलादालनात आहे. कधी जाणं झालं, तर सैतान शोधत बसू नका, आधी तिचा चेहरा नीट बघा. ही बाई शाल मिरवायला आली असेल, हे मला काही केल्या पटत नाही.