लॅपटॉप कुठं ठेवायचा?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि मागच्या रांगेत बसून आत्ताच हसायला लागलेला आमचा चमू, सगळ्यांना नमस्कार. बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये लॅपटॉपचा उपयोग'. त्याच्या खाली कोणीतरी खडूनं लिहून ठेवलंय, 'जेवण आहे का?' नाही. चहा आहे, तोही अध्यक्षांच्या समारोपानंतर.

दिवाळीत आम्ही याच हॉलमध्ये खेळलो तेव्हा तुमच्यातले बरेच जण भिंतीला टेकून बघत उभे होते. त्यामुळे खेळ परत समजावत नाही. एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि काही अडलं की वीस बाजूंचा फासा पडतो. पण विषयाकडे जाण्याआधी एक सांगू द्या, कारण पोटात फार दिवस राहिलंय. 'हे पुण्या-मुंबईच्या पोरांचं खूळ आहे,' असं मला पोळ्याच्या दिवशी एका गुरुजींनी ऐकवलं. गुरुजी इथंच बसलेत, नाव घेत नाही. गुरुजी, या खेळाचा मूळपुरुष म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. तो १९७४ साली निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो रचला. हा गायगॅक्स कुठला? न्यूयॉर्कचा नाही. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा नावाच्या लहानशा गावचा. विस्कॉन्सिन म्हणजे गाईगुरांचा आणि दुधाचा मुलूख. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर हा माणूस घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करत होता. पहिली आवृत्ती निघाली ती हजार प्रतींची. एका खोक्यात तीन पुस्तिका, आणि खोकी घरच्या घरी भरलेली. आता सांगा, हा खेळ परतवाड्याच्या बाजूला जास्त शोभतो की कोथरूडला?

असो. लॅपटॉप.

माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान तुम्हाला माहीत आहे. दिवसभर त्या लॅपटॉपवर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविमा. रात्री त्याच्यावरच राक्षस. एकदा एका काकांच्या फेरफाराऐवजी प्रिंटरमधून घुबड-अस्वलाचं चित्र बाहेर आलं. काकांनी ते शांतपणे उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, 'हे कोनत्या गटात येते?'

माझं म्हणणं मात्र लॅपटॉपच्या विरोधात जाईल असं वाटतं, म्हणून गावीगडची गोष्ट सांगतो. म्हणजे गाविलगडची. बोलताना जीभ वळते, लिहून घेणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

काळ १८०३चा डिसेंबर. आडगावची लढाई झालेली, नागपूरच्या भोसल्यांची फौज गाविलगडावर, बेनीसिंग किल्लेदार. खाली एलिचपुरात, म्हणजे आपल्या अचलपुरात, इंग्रजांची छावणी. त्यांचे सेनापती वेलस्ली आणि स्टीव्हन्सन किल्ल्यावर चालून जायच्या तयारीत. माझ्या खेळाडूंचं काम एवढंच, किल्ल्यात एक निरोप पोचवायचा. मी किल्ल्याचा नकाशा लॅपटॉपवर केला होता. दरवाजे, तलाव, तोफा, उत्तरेकडची तटबंदी, सगळं थरांमध्ये. मशाल जिथं जाईल तेवढाच भाग उजळेल, अशी व्यवस्था. चिखलदऱ्याला जाऊन फोटो काढून आणले होते.

मंडळी बाजारात शिरली आणि बाहेरच येईनात.

आमच्यात एक कृषी केंद्रवाला आहे. त्याच्या डोक्यात आलं, आपण बंजारे होऊ. त्या काळी फौजांना धान्य पुरवायचे ते बंजारेच, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. म्हणजे छावणीतून आपल्याला कोणी अडवणार नाही. कल्पना एकदम पक्की, मला नाही म्हणता येईना. पण बंजारे व्हायचं तर बैल पाहिजेत. मी म्हटलं, ठीक, लॅपटॉप कशाला आहे? नियमांच्या पीडीएफमध्ये 'बैल' शोधला, क्षणात सापडला. एका बैलाची किंमत १५ सोन्याची नाणी. मी तसं जाहीर केलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. 'भाऊ, दात पाह्यल्याशिवाय बैल घेते का कोनी?'

आता पीडीएफमध्ये दात कुठून आणायचे? मी स्क्रीनवर खालीवर करतोय, आणि इकडे टेबलावर बाजार भरला. एक जण दलाल झाला. एक म्हणतो, हा अदात आहे, याला अजून कामाची सवय नाही. दुसरा म्हणतो, चारदाती घे, सात-आठ वर्षं चिंता नाही. कृषी केंद्रवाल्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझा हात ओढला आणि त्याच्याखाली माझी बोटं दाबायला लागला. सौदा! बैलबाजारात असाच होतो, भाव तोंडानं बोलत नाहीत. माझा एक हात दुपट्ट्याखाली, दुसरा टचपॅडवर, आणि मला कळलं की मी बघतोय स्क्रीनकडे. समोर माणूस बैलवाल्याचा चेहरा शोधतोय, आणि त्याला झाकणामागून माझं कपाळ तेवढं दिसतंय.

मी लॅपटॉप मिटवला. रात्री साडेबारापर्यंत बैलच चालले. मधे एक बैल उधळला, एकानं तो फाशावर आवरला, दलालानं शेवटी दोघांनाही बनवलं. किल्ला त्या रात्री कोणी पाहिला नाही. पुढच्या रविवारी मात्र त्याच बैलांनी त्यांना आत नेलं, आणि तेव्हा मशालीचा नकाशा असा काही कामी आला की घरातल्या बायकासुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या. ते सांगायला लागलो तर...

(अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं.)

हो हो, आवरतो. पण एवढं ऐका. माझी सासुरवाडी वडशाकडची. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात. नट एका हंगामात किती नाटकं करतात. सगळं पाठ कसं राहणार? म्हणून प्रॉम्प्टर असतो. संवाद अडला की तो हळूच पुरवतो. प्रेक्षकांत कोणाला त्याचा चेहरा आठवत नाही, पण तो नसला तर खेळ बसतो. लॅपटॉप तसा असावा. मी आता तो समोर ठेवत नाही. डाव्या हाताला, आडवा, झाकण खेळाडूंच्या आणि माझ्या मधे येणार नाही असा.

आता मुद्दे, भराभर. फळ्यावर लिहिलं होतं म्हणून.

नियम: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या खुल्या परवान्याखाली मोफत आहेत, चारशेच्या वर पानं. छापू नका. पीडीएफमध्ये शोधा, पण खेळ थांबवून शोधायचं नाही. निर्णय द्या, नंतर बघा.

फासे: हातानेच टाका. पण शक्यता आधी घरी लॅपटॉपवर मांडून बघा. एका फाशावर वीस पडायची शक्यता ५ टक्के. दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत दिली की पावणेदहा. सवलती वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक्सेल: लढाईचा क्रम आणि कोणाचे किती एचपी, म्हणजे जिवाचे गुण, उरले, एवढ्याला फार छान. राक्षसांची नावं घरूनच भरून न्या. क्रमासाठी रँडबिटवीन, म्हणजे मनाला येईल तो आकडा काढणारं सूत्र, वापराल तर सावध, दुसऱ्या कुठल्याही खान्यात काही लिहिलं की तो आकडा परत बदलतो. तुम्ही एचपी कमी करता आणि राक्षसाची पाळी पुढं सरकते. आकडे कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज करा, मग क्रम लावा.

नोंदी: खेळाडूंनी बाजारात भेटलेल्या दलालाचं नाव तुम्ही विसरता, ते विसरत नाहीत. प्रत्येक नव्या नावापुढं एक ओळ, तेवढंच टाइप करायचं.

नकाशा टीव्हीवर: विंडोजचं बटण आणि पी, त्यातलं एक्सटेंड. डुप्लिकेट नाही. बाजूच्या गावातल्या एका गेम मास्टरनं डुप्लिकेट ठेवलं. ड्रॅगन गुहेतून बाहेर येतोय आणि कोपऱ्यात बायकोचा मेसेज, 'येताना दही आना.' खेळाडूंनी ड्रॅगनला दही देऊ केलं. मेसेज बंद ठेवा.

नेट: नकाशावर खेळायची रोलट्वेंटी नावाची वेबसाइट नेटशिवाय नाही, आपल्याकडे त्याचा भरवसा नको. फाउंड्री हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर, ती एकदाच विकत घ्यायची, एकट्या गेम मास्टरनं. सुरुवातीला नेटवर चालू करून घेतली की ती तुमच्याच लॅपटॉपवर चालते, बाकीच्यांनी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून ब्राउझरमध्ये उघडायची. हॉटस्पॉटच्या मोबाइलचा डेटा बंद ठेवला तरी चालते. मोबाइलवर मात्र सगळं बारीक दिसतं, म्हणून मी ती नकाशापुरतीच वापरतो.

लाइन: बॅटरी पूर्ण भरून बसा, स्क्रीनचा उजेड कमी ठेवा. आमच्यात एक लाइनमन आहे. लाइन गेली की त्याचा फोन वाजतो आणि आमचा जादूगार खांबावर चढायला जातो. त्याच्या पात्राचा कागद लॅपटॉपमध्ये नको, कागदावरच हवा. कोणीतरी त्याच्या जागी खेळतो.

(घंटा.)

झालं, अध्यक्ष महोदय. एक्सेलची फाइल ज्यांना हवी त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन उद्या दुकानात या. दुपारी दोनच्या आधी या, नंतर विम्याची गर्दी असते. आणि गुरुजी, तुमच्यासाठी एक पात्र करून ठेवलंय, रविवारी या.