मेन ऑफ, पण लाईन आहे

गुरुवार. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आज बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी. प्रॉडक्शन बंद, म्हणून मेंटेनन्सची माणसं कामावर. लांबणीवर पडलेली पॅनेलची कामं आजच उरकायची आणि उद्या पहिल्या शिफ्टला मशीन चालू करून द्यायचं. घाई इथूनच सुरू होते.

हे मोटर कंट्रोल पॅनेल. सप्लाय थ्री फेज, ४१५ व्होल्ट. हँडल फिरवलं, मेन एमसीसीबी, म्हणजे पॅनेलचा मुख्य ब्रेकर, ऑफ झाला, दारावरचे दिवे विझले. कुणीतरी म्हणतं, "लाईन गेली, घाला हात."

हात घालू नका. एमसीसीबीला जिथे केबल येऊन मिळते, ती टर्मिनल्स बघा. तिथे अजून पूर्ण ४१५ व्होल्ट आहेत. या केबलला वीज देणारा मागचा फीडर बंद होईपर्यंत ते राहणारच. आता ही नारिंगी वायर. मेन बंद केल्यावरही चालू राहणाऱ्या सर्किटसाठी हा रंग वापरायचा संकेत आहे. ही शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकसाठी, म्हणजे एका मशीनचं चालू-बंद दुसऱ्याशी जोडायला, आली आहे. या मेनशी तिचा संबंधच नाही. पण जुन्या पॅनेलमध्ये नंतर कुणीतरी हाताला लागेल ती वायर ओढून घेतलेली असते. ड्रॉइंगमध्ये तिची नोंद नसते आणि अनुभवी माणूससुद्धा तिथे फसतो.

आणि हा ड्राइव्ह, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा. आतल्या कपॅसिटरवर साधारण ५८० व्होल्ट डीसी साठलेलं असतं. डिस्प्ले विझला म्हणजे ते उतरलं असं नाही. किती मिनिटं थांबायचं हे ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं. तेवढं थांबायचं, मग डीसी टर्मिनलवर मीटर लावून खात्री करायची.

मीटर का, खिशातला टेस्टर का नाही? टेस्टरचा दिवा पेटतो तो आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर. रबरी मॅटवर उभं राहिलात तर तो मंद होतो, भर उजेडात दिसतही नाही. म्हणून मीटर आधी चालू लाईनवर तपासायचा, मग कामाच्या जागी फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ बघायचं आणि शेवटी पुन्हा चालू लाईनवर. मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल, तर शून्य खोटं ठरतं.

फॉल्ट शोधताना चालू पॅनेलवर व्होल्टेज मोजावं लागतं, हे खरं आहे. ते प्रशिक्षित माणसाने, योग्य रेटिंगचा मीटर आणि संरक्षक साधनं वापरून, अंगठी-कडं काढून करावं. पण चालू बसबारचे, म्हणजे पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे, बोल्ट आवळायला कुणालाही सांगू नये. पाना निसटून दोन फेजवर पडला, तर तांब्याची वाफ होते आणि तो भडका थेट चेहऱ्यावर येतो. अर्थकडे करंट गळला की लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणंही चूक. दोन हात दोन फेजना लागले आणि करंट अर्थकडे गेलाच नाही, तर तो ट्रिप होत नाही.

शटडाऊन घेतल्यावर आयसोलेटरला, म्हणजे सप्लाय तोडणाऱ्या स्विचला, कुलूप. काम करणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं, किल्ली स्वतःच्या खिशात. काम अर्धवट राहून शिफ्ट बदलली, तर येणारा आधी आपलं कुलूप लावतो आणि मगच जाणारा स्वतःचं काढतो.