डुकाटी ९१६ : देखणेपणाचा हिशेब

मंडळी, डुकाटी ९१६ या इटालियन मोटारसायकलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : शर्यतीला जे जे लागतं ते केलं, आणि गाडी आपोआप देखणी झाली. यातलं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी मी आज उभा आहे.

खरं आहे ते इंजिनाबाबत. गाडी १९९४ ची, पण इंजिनाचं मूळ फाबिओ ताल्योनीकडे जातं. हा इंजिनिअर १९५४ मध्ये बोलोन्याच्या डुकाटी कारखान्यात आला आणि दोनच वर्षांत त्याने १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनात डेस्मोड्रॉमिक व्हॉल्व्ह बसवले. तुमच्या-माझ्या गाडीत कॅम (फिरणारा उंचवटा) व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, उघडतो आणि मिटवायचं काम स्प्रिंगकडे असतं. स्प्रिंगच्या दारातून माणसं एकामागे एक पळत सुटली तर दार पुरतं लागतच नाही ना? फार वरच्या आरपीएमला व्हॉल्व्हचं तसंच होतं, आणि खालून पिस्टन येत असतो. ताल्योनीने मिटवायलाही वेगळा कॅम दिला, वेगळा रॉकर (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) दिला. स्प्रिंगच्या भरवशावर राहणंच संपलं. भुर्दंड पडतो तो सर्व्हिसिंगला. टॅपेट सेट करताना उघडण्याची गॅप वेगळी, मिटण्याची वेगळी, आणि दोन्हीकडे शिम (गॅप भरणाऱ्या पातळ चकत्या) बदलत बसायचं. डुकाटीवाले याबद्दल तक्रार करतात, पण जरा अभिमानानेच!

नव्वद अंशांत मांडलेले दोन सिलिंडरही ताल्योनीचेच. १९७२ च्या इमोला २०० या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रूनो स्पाज्जारी दुसरा आला, तो याच मांडणीच्या ७५० सीसी डुकाटीवर. पुढे डुकाटीच्याच मासिमो बोर्दी या इंजिनिअरने या मांडणीला पाण्याचं कूलिंग, फ्युएल इंजेक्शन आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले. ९१६ मध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) ९४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६६.

या इंजिनाभोवती गाडी रेखाटली मासिमो ताम्बुरिनीने. रिमिनीचा माणूस, मूळ धंदा इमारतींच्या हीटिंगचा. १९७२ मध्ये मिझानोच्या ट्रॅकवर होंडा ७५० वरून पडला, बरगड्या मोडल्या. मग त्याच इंजिनासाठी स्वतःची चॅसी (गाडीचा सांगाडा) बनवली. 'बिमोता' या मोटारसायकल कंपनीच्या नावातला 'ता' तो हाच.

आता ९१६ मागून बघा. सीटखाली दोन सायलेन्सर, आणि चाक एकाच बाजूच्या स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हातावर. एका अंगाने पाहिलं तर चाक नुसतं हवेत! असा स्विंगआर्म कामाचा असतो तो तासन्‌तास चालणाऱ्या एन्ड्युरन्स शर्यतीत, कारण तिथे चाक झटपट बदलायचं असतं. सुपरबाइकची शर्यत शंभरेक किलोमीटरची. तिथे चाक कोण बदलतंय? उलट दोन बाजूंच्या स्विंगआर्मइतकी मजबुती आणायची तर वजन वाढतं. सायलेन्सर वर घेतले की वजन वर जातं, आणि सीट तापते ती वेगळीच. गाडी मागून सडपातळ झाली, वळणावर सायलेन्सर घासायची भीती गेली, हे फायदे मान्य. पण माझं मत विचाराल तर इथे ताम्बुरिनीने डोळ्यांसाठी जास्तीचं वजन पत्करलं, आणि छान केलं.

ट्रॅकवर तिला ते जड गेलं नाही. १९९४, १९९५, १९९८ आणि १९९९ चं सुपरबाइक जगज्जेतेपद कार्ल फोगार्टीचं, १९९६ चं ट्रॉय कोर्सरचं, २००१ चं ट्रॉय बेलिसचं. सगळे याच घराण्यातल्या गाड्यांवर. नियमही सोयीचे होते म्हणा. दोन सिलिंडरना १००० सीसीपर्यंत मुभा, चार सिलिंडरना ७५०. जपानी कंपन्या कुरकुरल्या. शेवटी होंडाने स्वतःच व्ही-ट्विन (दोन सिलिंडरची) गाडी काढली आणि २००० मध्ये कॉलिन एडवर्ड्सने तिच्यावर किताब नेला.

माझा मुद्दा खरा पटतो तो पुढच्या गाडीवरून. पिएर टेरब्लांशने आखलेली डुकाटी ९९९ आली. दोन बाजूंचा स्विंगआर्म, एकावर एक दिवे, आणि बसायला ९१६ पेक्षा बरी. २००३, २००४ आणि २००६ अशी तीन जगज्जेतेपदं तिने आणली. आणि गिऱ्हाइकाने नाक मुरडलं! शर्यत जिंकली की गाडी आपोआप देखणी ठरत असती, तर ही पाळी आली नसती. २००७ ची १०९८ दुकानात आली तेव्हा दिवे पुन्हा शेजारी-शेजारी होते, सीटखाली सायलेन्सरची जोडी होती आणि स्विंगआर्म एकाच बाजूचा.