कानाची वाट आणि फाइलची वाट

पडद्यावर ध्वनिमिश्रणाच्या सॉफ्टवेअरची खिडकी उघडी आहे. एका गाण्याचे २४ ट्रॅक शेजारीशेजारी उभे आहेत, प्रत्येकाला आपला फेडर, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी आहे आणि प्रत्येक फेडरजवळ दोन लहान बटणे आहेत, एकावर ‘एम’ (म्यूट, म्हणजे तो ट्रॅक गप्प करणे) आणि दुसऱ्यावर ‘एस’ (सोलो, म्हणजे तो एकटाच ऐकणे). गाणे सुरू आहे. गायिकेच्या ट्रॅकवरचे ‘एस’ दाबले जाते, ते बटण उजळते आणि क्षणापूर्वी वाजणारे ड्रम, बेस, दोन्ही गिटार आणि मागचा कोरस एकदम गप्प होतात. उरतो तो गायिकेचा एकटा आवाज, आणि त्याच्यासोबत आतापर्यंत कोणाला ऐकू न आलेल्या काही गोष्टी: दुसऱ्या ओळीआधी घेतलेला खोल श्वास, शब्दाच्या शेवटी ओठ सुटल्याचा बारीक टक असा आवाज, आणि तिच्या हेडफोनमधून माइकमध्ये झिरपलेली, ताल धरून देणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक.

सोलो बटणाचे काम वरवर पाहता एवढेच आहे. मात्र ते दाबल्यावर गिटार नेमकी कुठे गप्प झाली, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. ती केवळ ऐकणाऱ्याच्या कानांपुरती थांबली, की तयार होणाऱ्या फाइलमध्येही थांबली? मिश्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाला दोन वाटा असतात. एक वाट मास्टर ट्रॅकमधून, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथून, अंतिम फाइलकडे जाते, तर दुसरी मिश्रण करणाऱ्याच्या स्पीकरकडे किंवा हेडफोनकडे. या दोन वाटा जिथे वेगळ्या होतात, त्या फाट्यापुढे, म्हणजे कानाच्या बाजूला जे काही केले जाते, त्याला मॉनिटरिंग म्हणतात. कोणतेही बटण त्या फाट्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ठाऊक असेल तर निम्मे घोटाळे होतच नाहीत.

सोलोचे तीन प्रकार याच फाट्यावरून ओळखता येतात. पहिला ‘सोलो इन प्लेस’. यात निवडलेला ट्रॅक आपल्या जागी, म्हणजे आपल्या फेडरच्या पातळीवर आणि डाव्या-उजव्या बाजूच्या आपल्या स्थानावर तसाच राहतो आणि बाकीचे ट्रॅक खरोखर म्यूट होतात. ते फाट्याच्या अलीकडेच म्यूट होत असल्याने मास्टरमध्येही पोहोचत नाहीत. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘एस’ दाबल्यावर मुळात हेच घडते. दुसरा प्रकार फेडरच्या आधी ऐकण्याचा, म्हणजे पीएफएल (प्री-फेडर लिसन). फेडर अगदी तळाला असला तरी माइकमधून काय येत आहे ते यात ऐकू येते, म्हणून माइकचा गेन, म्हणजे येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना हाच प्रकार उपयोगी पडतो. जुन्या कन्सोलवर, म्हणजे मिश्रणाच्या यंत्रावर, तो बहुधा मोनोमध्येच, म्हणजे डावे-उजवे असा फरक न राहता, ऐकू येत असे. तिसरा प्रकार फेडरच्या नंतर ऐकण्याचा, म्हणजे एएफएल (आफ्टर-फेडर लिसन). पीएफएल आणि एएफएल हे दोन्ही फक्त कानाच्या वाटेवर असतात, मास्टरला त्यांचा पत्ताही लागत नाही. भर कार्यक्रमात ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जिवावर बेतणारा असतो. ड्रमचा माइक तपासण्यासाठी त्याने चुकून सोलो इन प्लेस वापरले, तर समोरच्या प्रेक्षकांनाही तेवढ्या वेळापुरते फक्त ड्रमच ऐकू येतील.

पुन्हा गायिकेच्या ट्रॅककडे येऊ. सोलो दाबल्यावर तिचा आवाज एकटाच उरला नाही, तो कोरडाही झाला. पूर्ण मिश्रणात त्याच्याभोवती एखाद्या प्रशस्त दालनाची गुंज होती, ती नाहीशी झाली. नवशिक्याला वाटते की रिव्हर्ब, म्हणजे ही गुंज देणारा परिणाम, बिघडला. प्रत्यक्षात रिव्हर्ब गायिकेच्या ट्रॅकवर नव्हताच. तो वेगळ्या ऑक्स ट्रॅकवर, म्हणजे मदतनीस ट्रॅकवर होता, गायिकेचा थोडा आवाज सेंडमधून, म्हणजे त्यासाठीच्या जोडवाटेने, तिकडे जात होता आणि गुंज होऊन परत येत होता. सोलोने बाकी सगळ्यांना गप्प केले, त्यात तो ऑक्स ट्रॅकही गप्प झाला. काही सॉफ्टवेअर अशा वेळी सेंडचा माग काढून रिव्हर्बचा ट्रॅक आपणहून चालू ठेवतात. जिथे तसे होत नाही, तिथे त्या ट्रॅकला सोलोच्या तडाख्यातून वगळावे लागते. मिश्रणाच्या सॉफ्टवेअरांपैकी प्रो टूल्समध्ये या सोयीला सोलो सेफ म्हणतात, क्युबेसमध्ये सोलो डिफीट आणि आर्डरमध्ये सोलो आयसोलेट. नावे तीन असली तरी काम एकच आहे. रिव्हर्ब आणि डिले (प्रतिध्वनी) यांचे ट्रॅक मिश्रणाला हात घालण्यापूर्वीच असे सुरक्षित करून ठेवावेत, असे माझे मत आहे. नाहीतर दर वेळी सोलो दाबल्यावर जो आवाज ऐकू येतो, तो प्रत्यक्ष मिश्रणात कुठेच नसतो.

सोलो कशासाठी वापरावे, याबद्दल मात्र मतभेदाला फारशी जागा नाही. दोष शोधण्यासाठी ते उत्तम आहे. मघाशी ऐकलेली मेट्रोनोमची टिकटिक, दोन तुकडे जोडताना राहिलेला खटका, वायरीतून येणारी ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर हे सगळे एकट्या ट्रॅकमध्येच सापडते. अडचण सुरू होते ती सोलो दाबलेले असतानाच आवाज सजवायला बसल्यावर. डाव्या बाजूची गिटार एकटी ऐका. ती भरदार आहे, खालच्या पट्टीत तिला छान ऊब आहे. आता बाकीचे ट्रॅक परत आणा. तीच ऊब बेसच्या आणि किक ड्रमच्या अंगावर पडते आणि तिन्ही मिळून गढूळ गोळा होतो. आपल्या कानाची रचनाच अशी आहे की जवळजवळच्या वारंवारतांमध्ये जोराचा आवाज मंद आवाजाला झाकून टाकतो, आणि हे झाकले जाणे एकट्या ट्रॅकमध्ये कधीच ऐकू येत नाही, कारण झाकणारा आवाजच तिथे हजर नसतो. मग वारंवारतांनुसार आवाज कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरने गिटारचा १५० हर्ट्झखालचा भाग कापला जातो. आता ती एकटी ऐकली तर किरटी आणि पोकळ वाटते, एखाद्या स्वस्त रेडिओतून आल्यासारखी; पण पूर्ण मिश्रणात मात्र ती आपल्या जागी नेमकी बसते आणि बेसची प्रत्येक सुरावट मोकळी होते. सोलोमध्ये केलेला निर्णय सोलो काढून तपासला नाही, तर तो अर्धवटच राहतो.

यावर मधला मार्गही आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये इतर ट्रॅक पूर्ण बंद न करता केवळ दबके करता येतात, म्हणजे हवा तो ट्रॅक पुढे येतो आणि बाकीचे मिश्रण भिंतीपलीकडून आल्यासारखे मागे चालू राहते. रीपर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि आर्डरमध्ये अशी सोय आहे, आणि क्युबेसच्या कंट्रोल रूम नावाच्या विभागात ‘लिसन’ बटणासोबत इतर आवाज किती दाबायचे ते ठरवता येते. संदर्भ न गमावता बारकावा ऐकण्याची ही पद्धत मला नेहमीच्या सोलोपेक्षा पुष्कळ शहाणपणाची वाटते, तरीही ती फारच थोड्या जणांनी चालू केलेली दिसते.

आता पडद्याच्या उजव्या कडेला असलेल्या मॉनिटर विभागाकडे वळू. येथे आवाजाचे एक मोठे गोल बटण आहे आणि त्याखाली डिम, मोनो आणि कट (आवाज पूर्ण बंद) अशी बटणे आहेत. हे सगळे फाट्याच्या पलीकडे, म्हणजे कानाच्या बाजूला आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा विभाग नसतो, तेथे लोक सर्रास एक चूक करतात: खोलीत आवाज मोठा वाटला की मास्टर फेडर खाली ओढतात. कानांना आराम मिळतो, पण फाइलही तेवढीच मंद होऊन बाहेर पडते. त्यापेक्षा ऑडिओ इंटरफेसवरचे, म्हणजे माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरचे, बटण फिरवावे. ते फाइलला हात लावत नाही.

डिम दाबताच ऐकण्याची पातळी एका ठरलेल्या प्रमाणात खाली येते, बहुधा २० डेसिबलच्या आसपास, आणि पुन्हा दाबले की अचूक पूर्वीच्या जागी जाते. फोन आला किंवा कोणी बोलायला आले, तर हे सोयीचे आहेच. मात्र त्याचा खरा उपयोग तपासणीत आहे. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी समान जोराच्या वक्ररेषा प्रसिद्ध केल्या. आवाज मंद केला की आपल्या कानाला खर्जातले सूर मधल्या सुरांपेक्षा कितीतरी अधिक मंद वाटतात, हे त्यांतून आकड्यांनिशी दिसले. म्हणून मोठ्या आवाजात दणदणीत वाटलेले मिश्रण डिममध्ये अचानक सपाट होते. त्या मंद आवाजातही गायिकेचे शब्द कळत असतील आणि बेसची चाल नुसती जाणवत असेल, तर मिश्रणाचा तोल बहुतेक बरोबर आहे. शिवाय कानांचाही विचार करायला हवा. अमेरिकेतील निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल-ए (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेले डेसिबल) इतक्या आवाजात दिवसातून ८ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. सोलोमध्ये एकटा ट्रॅक मंद वाटला म्हणून आवाज वाढवायचा आणि मग विसरून सोलो काढायचा, यात कानावर आदळणारा दणका ज्याने एकदा अनुभवला आहे, त्याला हे गणित वेगळे समजवावे लागत नाही.

मोनो बटण सर्वांत कमी वापरले जाते आणि सर्वांत जास्त बोलते. स्नेअर ड्रमवर दोन माइक लावलेले आहेत, एक वरून आणि एक खालून. काठी पडली की ड्रमचे वरचे कातडे वरच्या माइकपासून दूर जाते आणि खालचे कातडे खालच्या माइकच्या दिशेने येते, म्हणून दोन्ही माइकमध्ये उमटणारी लहर बऱ्याच अंशी एकमेकींच्या उलट असते. हे दोन ट्रॅक डाव्या आणि उजव्या बाजूला पसरून ठेवले असतील, तर ऐकताना फक्त रुंद आणि छान वाटते. मोनो दाबा. डावे-उजवे एकत्र येतात, उलट लहरी एकमेकींना खातात आणि स्नेअरचा जीवच निघून जातो. एका ट्रॅकची ध्रुवता, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटवली की तो ठोसा परत येतो. अंतरामुळेही असेच घडते. एकाच गिटारपासून दोन माइकच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक असेल, तर दुसऱ्या माइकमध्ये आवाज साधारण १ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले की ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी खड्डे पडतात. ऐकणाऱ्याकडे एकच लहान स्पीकर असेल, तर त्याला हेच खड्डे ऐकू येतील.

ध्वनिमुद्रण सुरू असताना मॉनिटरिंगचा अर्थ थोडा बदलतो. ट्रॅकवर इनपुट मॉनिटर चालू केले की माइकमधला आवाज सॉफ्टवेअरमधून फिरून गायिकेच्या हेडफोनमध्ये येतो, आणि या फेऱ्याला वेळ लागतो. ४८ किलोहर्ट्झ नमुना-दर (सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे सँपल) आणि २५६ सँपलचा बफर (एका वेळी साठवून घेतला जाणारा आवाजाचा तुकडा) असेल, तर एका बाजूने ५.३ मिलिसेकंद, १०२४ सँपलचा बफर असेल, तर २१ मिलिसेकंद, आणि जाणे-येणे मिळून याच्या दुप्पट, वर इंटरफेसचा वेळ वेगळाच. ४० मिलिसेकंदांनी स्वतःचा आवाज मागून ऐकू येत असताना लयीत गाणे फार कठीण असते. म्हणून अनेक इंटरफेसमध्ये माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनकडे वळवण्याची सोय असते. ती वापरताना सॉफ्टवेअरमधले इनपुट मॉनिटर बंद करायला विसरले, तर गायिकेला स्वतःचेच दोन आवाज ऐकू येतात, एक आत्ताचा आणि एक किंचित मागचा. खोलीतले स्पीकरही चालू असतील, तर त्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टीच सुरू होते. सॉफ्टवेअरमधून ऐकताना तिला सुखावणारा रिव्हर्बही सहसा फक्त ऐकण्यापुरताच असतो. मुद्रित होतो तो कोरडा आवाज, आणि ते योग्यच आहे, कारण त्या रिव्हर्बचा निर्णय नंतर बदलता येतो.

फाट्याच्या चुकीच्या बाजूला राहून गेलेल्या गोष्टी शेवटी फाइल तयार करताना उघड्या पडतात. हेडफोनचा स्वभाव सुधारणारे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. ते फक्त कानासाठी असते, पण मॉनिटर विभाग नसला की लोक ते मास्टर ट्रॅकवर लावतात, आणि फाइल काढताना बंद करायला विसरले की एका विशिष्ट हेडफोनची दुरुस्ती सगळ्या जगाच्या स्पीकरवर लादली जाते. सोलोचेही तसेच. एका छोट्या माहितीपटाच्या निवेदनातले ओठांचे खटके काढायला मी रात्री उशिरा बसलो होतो आणि काम संपल्यावर तशीच फाइल काढून पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी पलीकडून निरोप आला की निवेदन फार स्वच्छ झाले आहे, फक्त संगीत कुठे आहे? सोलोचे ते उजळलेले बटण खिडकीच्या खालच्या भागात होते आणि मी वरचा भाग पाहत होतो.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कुठेही सोलो चालू असेल तर वरच्या पट्टीत एक सामाईक दिवा लुकलुकत राहतो, आणि तो दाबला की सगळे सोलो एकदम सुटतात. पडद्यावर आत्ता तो दिवा दिसतो आहे. त्यावर एकदा बोट पडते, ड्रम, बेस, गिटार आणि कोरस परत येतात, मोनो आणि डिम बंद होतात, मास्टरवरचे हेडफोनचे प्लगइन काढले जाते. फाइल तयार होते. मग सॉफ्टवेअर बंद करून ती फाइल साध्या प्लेअरमध्ये उघडली जाते, जिथे ना सोलो आहे ना मॉनिटर विभाग, आणि गाणे पहिल्या सेकंदापासून शेवटच्या गुंजेपर्यंत एकदा न थांबता ऐकले जाते.